कुरकुर

टॉडमॉर्डन. कालव्याच्या कडेला लाकडाची वखार,
काउंटरपलीकडे विल्फ.
"फळी कितीची?"
बावीस मिलिमीटर. हिरवट, ओल सोसणारी.
"आणि नवऱ्याने स्क्रू कोणते सांगितलेत?"

मी पर्समधून टेप काढली, काउंटरवर ठेवली.
घर माझं. हप्ते माझे. तुळयाही मीच मोजल्यात:
तीनशे ऐंशी, चारशे बारा, तीनशे पंचाण्णव,
सव्वाशे वर्षांपूर्वी कुण्या सुताराने
बहुधा शनिवारी दुपारी, घाईत टाकलेल्या.

विल्फने टेपकडे पाहिलं, कानामागची पेन्सिल काढली,
आणि तिथून पुढे आम्ही एकाच बोलीत बोललो.

पन्नासचा? आखूड. बावीस फळीतच गेले
की तुळईत उरतात अठ्ठावीस. धरेल, पण धरून ठेवणार नाही.
सत्तरचा? खाली पाइप आहे का?
आहे. तांब्याचा. तुळईला खाच पाडून आडवा नेलेला.
मग साठ, आणि पाइपवर खडूची रेघ.
डोकं चांदणीच्या खाचेचं घे, पोरी,
फुलीचं घसरतं, मग तोंडात नको ते येतं.

"खिळे नकोत," तो म्हणाला.
"चौऱ्याहत्तर साली मी घरी खिळे ठोकले.
आठवड्यात जमीन बोलायला लागली,
पाठोपाठ डोरीन.
चाळीस वर्षं दोघींचं ऐकलं.
आता जमीन एकटीच.
स्क्रू रोज विकतो. घरी नेले नाहीत."

लाकडाचं आणि बायकोचं, त्याने दोन वेगळे शब्द वापरले.
माझ्याकडे दोन्हींना एकच आहे, आणि मी तो सांगितला.
"कु र कु र," त्याने घोळवून पाहिला,
पावतीमागे लिहून ठेवला,
कुठल्या स्पेलिंगने, देव जाणे.

मग गोंद.
एक पांढरा, स्वस्त, ओल्या फडक्याने पुसला जाणारा.
दुसरा तपकिरी, काकवीसारखा, हवेतल्या ओलीवर फुगणारा,
एकदा बसला की फळी फुटेल, सांधा सुटायचा नाही.
"स्क्रू चुकला तर उलटा फिरव.
गोंद चुकला तर करवत."
मी तपकिरी घेतला. तीन बाटल्या.
हातमोजे विसरले.

शनिवार गुडघ्यांवर गेला.
या फळ्यांना एका कडेला जीभ असते, दुसरीला खाच.
जिभेला हाड नसतं, आई म्हणायची,
बहुतेक वेळा माझ्याकडे बघून.
ही तर नुसता दाबलेला भुसा.
तिच्यावर काकवीची धार, तुळईवर नागमोडी आणखी एक,
मध्ये लाकडाचा ठोकळा धरून हातोडी,
ठक, ठक, जरा डावीकडे, ठक,
आणि जीभ खाचेत गेली.
मग साठचे स्क्रू, वीत-वीत अंतरावर.
भिंतीशी बोटभर फट,
दमट दिवसांत फळ्या फुगतात, त्यांना जागा लागते.
या खोऱ्यात दुसरे दिवस फारसे नसतातच.

पाइपच्या कॉकवरची फळी मी गोंदाशिवाय बसवली.
सहा स्क्रू, बस.
उद्या काही गळलं तर करवत न आणता
आत डोकावता यावं.
मागच्या घरात आम्ही अशी एकही ठेवली नव्हती.

सोमवारी बोटं काळी. हा गोंद कातडीवर काळा पडतो.
साबण, खोबरेल, लिंबाची फोड, काही चालत नाही.
ऑफिसात एकाने विचारलं, मेंदी का?
हो म्हटलं.

न उघडलेला एक डबा परत द्यायला गेले.
विल्फने बोटांकडे पाहिलं, काही बोलला नाही.
"चकार शब्द काढत नाही," मी म्हणाले, "नाचून पाहिलं."
त्याने डबा हातात तोलला, पैसे मोजून ठेवले.
"एक हिवाळा जाऊ दे."

मी दारापर्यंत पोचले असेन,
तेव्हा मागे, पावत्यांच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधत,
त्याने तो शब्द पुन्हा म्हटला.
जवळजवळ बरोबर.